गुरुजी दुकानात कसे येतील?



श्रावणातल्या एका रविवारी माझा भाचा भोरहून आला. चहा व्हायच्या आतच त्याने पिशवीतून एक कागद काढून माझ्यापुढे ठेवला. "मामा, एवढे बघा. शिक्षकदिनाला दुकानापुढे शिक्षकांचा सत्कार ठेवतोय. चाळीस गुरुजी आणि बाई आल्या तर दुकानाचे नाव तालुकाभर होईल."

कागदावर खर्चाचा अंदाज होता. मंडप-खुर्च्या ३,५०० रुपये, ध्वनिक्षेपक २,०००, चाळीस जणांना शाल-श्रीफळ-गुलाब ६,०००, फ्लेक्स १,२००, अल्पोपहार २,४००, छापील निमंत्रणे ९००. एकूण १६,०००. प्रमुख पाहुणे म्हणून एका पुढाऱ्याचे नाव पेन्सिलीने लिहिले होते.

मी कारकून माणूस, कागद पुढे आला की आधी बेरीज तपासतो. बेरीज बरोबर होती. म्हणून विचारले, "शंभर रुपयांचा माल विकला की तुला किती सुटतात?" त्याने प्रामाणिकपणे सांगितले, "सरासरी पंधरा." मग कागदाच्या मागेच गणित मांडले. सोळा हजार रुपये नुसते भरून काढायचे तर एक लाख सहा हजारांवर माल जादा विकला गेला पाहिजे. त्याच्या दुकानात तेवढा मालच एका वेळी नसतो. पोरगा गप्प बसला. आतून माझी बहीण म्हणाली, "दादा, सरळ नाही म्हण की त्याला." तिची कानातली बँकेत गहाण आहेत, त्यामुळे तिचा आवाज जरा चढाच होता.

भाच्याची हकिगत तुमच्यापैकी अनेक घरांना ओळखीची वाटेल. डी.एड. केले. २०१३ साली शिक्षक पात्रता परीक्षा सुरू झाली, तिचे अभ्यास केले. भरतीची वाट पाहिली. वय वाढत गेले. शेवटी थोडे कर्ज, थोडे सोने आणि मित्राची दोन जुनी कपाटे एवढ्यावर भोरच्या एसटी स्टँडजवळ दहा बाय बाराच्या गाळ्यात स्टेशनरी आणि झेरॉक्सचे दुकान टाकले. महिन्याचा हप्ता ५,२०० रुपये. त्याच्याबरोबर शिकलेले दोघे-तिघे आज जिल्हा परिषदेच्या शाळेत आहेत. ते दुकानात येऊन खडूचे खोके मागतात तेव्हा याला कसे वाटत असेल, ते मी कधी विचारले नाही. सत्काराच्या कल्पनेत थोडे तेही असावे. शिक्षकांच्या मेळाव्यात एकदा तरी यजमान म्हणून उभे राहावे, असे वाटण्यात काही चूक नाही. पण त्यासाठी आईची कानातली आणखी सहा महिने बँकेत ठेवायची का, हा प्रश्न उरतोच.

आता ५ सप्टेंबरचे पाहू. त्या दिवशी गुरुजी मोकळे नसतात. शाळेत मुलांचा कार्यक्रम असतो आणि दुसरीकडेही कुठे ना कुठे सत्कार असतात. शाली इतक्या मिळतात की घरी कपाटात घड्या पडून असतात. त्यात आपली एक्केचाळिसावी. शिवाय एक गोष्ट भाच्याला माहीत नव्हती. जिल्हा परिषदेच्या नोकरांना १९६७ चे वर्तणूक नियम लागू आहेत आणि त्यात भेटी स्वीकारण्यावर बंधने आहेत. गुलाबाच्या फुलावरून कोणी कारवाई करणार नाही, हे खरे. पण शाळेची खरेदी ज्याच्या सहीने होते, त्याच्या हातात दुकानदाराने वस्तू ठेवायची, हा रस्ताच निसरडा आहे. आज शाल, उद्या मिक्सर, परवा टक्केवारी.

याहून मोठी चूक रस्त्याची होती. निमंत्रणांच्या यादीत त्याने निम्मी नावे वेल्ह्याची घातली होती. (वेल्हे तालुक्याला राजगड नाव देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये घेतला, पण आमच्या तोंडी अजून वेल्हेच बसले आहे.) मी म्हटले, "पुण्याहून वेल्ह्याला नोकरीला येणारे गुरुजी गाडी कुठे वळवतात?" सातारा रस्त्याने आले की नसरापूरच्या चेलाडी फाट्याला ते हायवे सोडतात आणि मार्गासनी, विंझर करत वेल्ह्याला जातात. भोरचा फाटा त्याच्या पुढे, कापूरहोळला. म्हणजे वेल्ह्याच्या गुरुजींना भोरला यायचे तर घर मागे टाकून उलट्या दिशेला यावे लागते. एक खडूचे खोके आणि चार कार्डशीट घ्यायला कोण येईल? पानशेतकडच्या शाळांचे शिक्षक तर खडकवासल्यावरून जातात, त्यांची आणि भोरची गाठच नाही.

उलट हिर्डोशी खोऱ्यातल्या, वरंध घाटाच्या अलीकडच्या गावांतल्या शाळांचे जे शिक्षक भोरमध्ये बिऱ्हाड करून राहतात, ते रोज संध्याकाळी दुकानावरून जातात. भाटघरच्या पाण्याच्या कडेच्या गावांतून भोरला परतणारेही आहेत. त्यांची नावे यादीत मोजून सहा होती! कारण विचारले तर म्हणाला, "ते काय, येतातच की." येतात ते खरे, पण एक पेन घेऊन जातात. शाळेचे सामान पुण्याहून आणतात. जो माणूस रोज आपल्या दारावरून जातो आणि तरी पुण्यातून माल आणतो, तो का आणतो, हे आधी शोधायला हवे होते.

ते शोधायला मी त्याला दोन आठवडे दिले. सत्काराचा कागद घडी करून माझ्या डायरीत ठेवला. त्याला सांगितले, शंभर पानी वही घे आणि तिच्यावर मोठ्या अक्षरात 'नाही' असे लिही. गिऱ्हाइकाने मागितलेली आणि आपल्याकडे नसलेली प्रत्येक वस्तू तारखेसह त्या वहीत लिहायची. "नाही" म्हणून हात हलवला की विषय संपला, असे करायचे नाही.

तोवर मी इकडे शाळेच्या पैशाचा हिशेब मांडला, कारण गिऱ्हाइकाच्या खिशात किती आहे हे न बघता दुकान सजवणे व्यर्थ. पूर्वी सर्व शिक्षा अभियानात प्रत्येक शिक्षकाला शैक्षणिक साहित्यासाठी वर्षाला ५०० रुपये मिळत. आता २०१८ पासून समग्र शिक्षा आहे आणि शाळेला पटानुसार एकत्रित अनुदान मिळते. ठरलेले प्रमाण असे, की तीस मुलांपर्यंतच्या शाळेला वर्षाला १०,००० रुपये आणि ३१ ते १०० पटाच्या शाळेला २५,०००. त्यातला दहावा हिस्सा स्वच्छतेसाठी. विजेचे बिल, नळाची तोटी, फुटलेली काच हेही त्यातूनच. आमच्या डोंगरी भागात दोन शिक्षकी, पंधरा-वीस पोरांच्या शाळा पुष्कळ. अशा शाळेकडे कागद-खडू-रजिस्टरसाठी वर्षाला तीन-चार हजार उरले तरी खूप. तेही पैसे बरेचदा मार्चच्या तोंडावर येतात.

सप्टेंबर २०२३ मध्ये शिक्षण आयुक्तांनी वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांच्या जागी समूहशाळांचे प्रस्ताव मागवले, तेव्हा नंदुरबारच्या तोरणमाळबरोबर आपल्या वेल्ह्यातल्या पानशेतच्या समूहशाळेचा दाखला दिला होता. वाडीवरची शाळा बंद झाली तर लहान पोरींचे काय होईल, हा माझ्या मते फार मोठा प्रश्न आहे आणि त्यावर स्वतंत्र लिहावे लागेल. दुकानदाराच्या बाजूने एवढेच, की या धंद्यात गिऱ्हाईक आपोआप वाढत जाईल अशी आशा धरू नये. नियमही सारखे बदलतात. २०२३-२४ मध्ये सरकारने पाठ्यपुस्तकांतच वहीची कोरी पाने घातली, तेव्हा वह्या विकणारे काळजीत पडले. २०२५-२६ पासून ती पाने पुन्हा गेली.

तरीही गुरुजी आणि बाई स्वतःच्या खिशातून वर्गासाठी खर्च करतात, हे मी डोळ्यांनी पाहिलेले आहे. रंगीत कागद, लॅमिनेशन, मुलांना बक्षीस म्हणून पेन्सिली. हे जगभर चालते. अमेरिकेत शिक्षकाने वर्गासाठी पदरचे पैसे घातले तर २००२ पासून २५० डॉलरपर्यंतची रक्कम आयकराच्या हिशेबात वजा होऊ लागली. २०२२ पासून ती ३०० डॉलर झाली. तिथल्या बार्न्स अँड नोबल नावाच्या पुस्तकांच्या मोठ्या दुकानसाखळीत वर्गासाठी घेतलेल्या पुस्तकांवर शिक्षकांना एरवी २० टक्के सूट असते आणि शिक्षकांच्या खास दिवसांत २५ टक्के. भोरच्या दहा बाय बाराच्या गाळ्याला २५ टक्के सूट परवडत नाही, कारण सुटतात पंधरा. पण त्यांच्या त्या दिवसांत गुरुजींना त्यांच्या कामाची वस्तू मिळते. ही गोष्ट आपल्यालाही करता येण्यासारखी आहे.

दोन आठवड्यांनी भाचा 'नाही'ची वही घेऊन आला. सव्वीस ओळी होत्या. पहिल्या पानावरच उत्तर होते. शंभर मण्यांची माळ, दहा लाल नि दहा पांढरे अशी ओवलेली. दशकाचे दांडे. पहिलीच्या मुलांसाठी जाड पेन्सिल. चार रेघी वही. जनरल रजिस्टर. शाळा सोडल्याच्या दाखल्याचे पुस्तक. मूल्यमापनाची नोंदवही. मोठ्या तक्त्याचे लॅमिनेशन. आणि चार ठिकाणी एकच शब्द होता, 'पक्के बिल'.

म्हणजे दुकानात होते काय? फॅन्सी पेन, वाढदिवसाची कार्डे, कार्टूनचे कंपास. पहिली ते तिसरीच्या मुलांना वाचन आणि अंकज्ञान पक्के यावे म्हणून २०२१ पासून निपुण भारतचे काम शिक्षकांच्या मागे लागले आहे. त्याला लागणारी एकही वस्तू याच्याकडे नव्हती. डी.एड. झालेल्या दुकानदाराला हे न सुचावे, याचे मला हसू आले आणि वाईटही वाटले.

मग आम्ही नवा कागद केला. दिवस शनिवारचा धरला, कारण शनिवारी शाळा सकाळची असते आणि दुपारी गुरुजी मोकळे असतात. पावसाळा टाळला. घाटाकडचा रस्ता आणि डोंगरातल्या एसट्या या दोन्हींचा पावसात भरवसा नाही. दिवाळीच्या सुट्टीनंतरचा दुसरा शनिवार ठरला. दुसऱ्या सत्राला नुकती सुरुवात झालेली असते आणि ६ डिसेंबरही लांब असतो. त्या आठवड्यात आपल्यातले बरेच शिक्षक चैत्यभूमीला जातात आणि दुकानही बंद असते.

मंडप नाही, भाषण नाही, पाहुणे नाहीत. दुकानापुढे दोन लाकडी टेबले. एका टेबलावर एक निवृत्त बाई शंभर रुपयांच्या आत होणारी पाच साधने करून दाखवतील: मणीमाळ, दशकाचे गठ्ठे, शब्दपट्ट्या, अंककार्डे आणि खोक्याच्या पुठ्ठ्याचे घड्याळ. येणाऱ्याने बसून एक साधन स्वतः करायचे आणि आपल्या वर्गासाठी घेऊन जायचे. हेच चहापानाबरोबरचे स्वागत. साधन वर्गाच्या फळ्याशेजारी टांगले जाते, त्याला भेटवस्तू म्हणता येणार नाही. दुसऱ्या टेबलावर रजिस्टरे आणि फॉर्म मांडायचे आणि दरपत्रक ठेवायचे. दरपत्रक नव्याने लिहून काढायला सांगितले. २२ सप्टेंबर २०२५ पासून वह्या, पेन्सिली, खोडरबर, शार्पनर आणि नकाशे यांच्यावरचा जीएसटी शून्य झाला, ही बातमी प्रत्येक शिक्षकाने वाचलेली आहे. जुन्या दराने वही विकायला बसलो तर पहिल्याच मिनिटात विश्वास उडेल.

खर्च असा: चहा-भजी चाळीस जणांची १,०००, साधनांचे सामान १,६००, फलक ३००, दरपत्रकाच्या प्रती ३००, बोलावणी करायला पेट्रोल २००. एकूण ३,४००. भरून काढायला साधारण २२,७०० रुपयांची जादा विक्री लागेल. दोन-तीन महिन्यांत ती व्हायला हरकत नाही. बोलावणे छापील कार्डाने करायचे नाही. केंद्राच्या शिक्षण परिषदेच्या दिवशी केंद्रप्रमुखांची परवानगी घेऊन दोन मिनिटे बोलायचे. तिथे माल विकायचा नाही. आणि यादीत भोरमध्ये राहणारे आधी. वेल्ह्याच्या मंडळींसाठी महिन्याभराने नसरापूरला, फाट्याच्या जवळ ओळखीच्या दुकानदाराच्या ओट्यावर तीच दोन टेबले मांडायची. त्यांना त्यांच्याच रस्त्यावर गाठायचे.

इथे एक नाजूक गोष्ट सांगतो. दुकानात गल्ल्याच्या वर बाबासाहेबांचा फोटो आहे. भाच्याला एका हितचिंतकाने, आपल्यातल्याच, सुचवले की कार्यक्रमाच्या दिवशी फोटो आतल्या भिंतीला लाव, "उगाच कोणी बिचकायला नको." भाच्याने मला विचारले तेव्हा मी लगेच रागावलो नाही, कारण ती भीती हवेतून आलेली नाही. खुद्द बाबासाहेबांनी परदेशातून आल्यावर मुंबईत शेअर-रोख्यांचा सल्ला देणारी कंपनी काढली होती. मालक कोण आहे हे कळल्यावर गिऱ्हाईक येईनासे झाले आणि कंपनी बंद करावी लागली. त्या गोष्टीला शंभर वर्षे होऊन गेली. आज तसे उघडपणे कोणी करत नाही. आडून करणारे आहेत. पण फोटो हलवून तो गिऱ्हाईक टिकेल का? गावात दुकान कोणाचे आहे हे न सांगता कळते. माझी बहीण चहा गाळता गाळता म्हणाली, "फोटो काढलास तर मी टेबलापाशी उभी राहायची नाही." विषय तिथेच मिटला. फोटो आहे तिथेच राहणार आहे.

'पक्के बिल' या शब्दावर मात्र बराच वेळ गेला. भाच्याला वाटत होते, जीएसटी नंबर नाही म्हणजे आपण बिल देऊ शकत नाही. असे अनेक छोट्या दुकानदारांना वाटते, म्हणून खुलासा करतो. आपल्या राज्यात निव्वळ मालाच्या व्यापाराची वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असेल तर साधारणपणे जीएसटी नोंदणी घ्यावी लागत नाही. नोंदणी नसलेल्याने बिलात जीएसटी लावायचा नाही, एवढेच. बाकी बिल पूर्ण हवे: दुकानाचे नाव-पत्ता, छापील अनुक्रमांक, तारीख, 'मुख्याध्यापक, जि. प. प्राथमिक शाळा' असे शाळेचे पूर्ण नाव, प्रत्येक वस्तूचा नग आणि दर, अक्षरी रक्कम, सही-शिक्का. समग्र शिक्षेचे पैसे आता पीएफएमएस प्रणालीतून थेट दुकानदाराच्या खात्यावर येतात. म्हणून बँक खाते दुकानाच्या नावाने हवे आणि बिलावर खाते क्रमांक व आयएफएससी कोड बिनचूक छापलेला हवा. एक आकडा चुकला तर पैसे परत जातात आणि मुख्याध्यापक पुन्हा त्या दुकानाची पायरी चढत नाहीत. शॉप ॲक्टचे म्हणाल तर २०१७ च्या कायद्यानुसार कमी कामगारांच्या छोट्या दुकानाला फक्त ऑनलाइन सूचना द्यावी लागते. त्याची पावती काचेत लावून ठेवा.

याच बोलण्यात त्याने हळूच सांगितले की एका गृहस्थाने १,४०० चा माल घेऊन २,००० चे बिल मागितले होते. त्याने "मामांना विचारून सांगतो" म्हणून वेळ मारून नेली. मी म्हटले, नाही म्हण. सहाशे रुपये म्हणजे किती खडू, ते तुला माहीत आहे. उद्या लेखापरीक्षणात साठा रजिस्टर आणि बिल समोरासमोर आले तर सही तुझी असेल. तो गृहस्थ पुन्हा आला नाही तर? येणार नाही. त्याच्या ओळखीचे आणखी दोघेही येणार नाहीत. हे नुकसान सोसावे लागेल आणि ते मी आधीच हिशेबात धरले आहे.

उधारीचेही तसेच. अनुदान मार्चला येते म्हणून शाळा माल उधार नेणार, त्याला इलाज नाही. पण चाळीस शाळांना दीड-दीड हजार उधार दिले तर ६०,००० रुपये अडकतात. याच्या दुकानात माल आहे १,८०,००० चा. एक तृतीयांश भांडवल कपाटातून उठून उधारीच्या वहीत गेले तर हप्ता कशातून भरायचा? म्हणून पंधरा शाळा, प्रत्येकी दीड हजार, मुख्याध्यापकांच्या सहीच्या मागणीपत्रावर. साडेबावीस हजारांच्या वर एक रुपया नाही. बहिणीने हा आकडा स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवला आहे. माझ्यापेक्षा तिच्यावर माझा जास्त भरवसा आहे.

परवा भाच्याचा फोन आला. पुण्याला बोहरी आळीत जाऊन त्याने लाल-पांढरे मणी किलोवर आणले. आईने आणि शेजारच्या दोघींनी रात्री बसून तीस माळा ओवल्या. कार्यक्रमाला अजून अवकाश आहे, पण त्यातल्या सहा आधीच गेल्या. हिर्डोशीकडच्या एका बाईंनी नेल्या, बिल घेऊन. जाता जाता त्यांनी विचारले, "तुम्ही डी.एड. आहात ना? मग त्या शनिवारी माळेवरून वजाबाकी कशी शिकवायची ते तुम्हीच का दाखवत नाही?"

त्याने मला विचारले, "मामा, दाखवू का?" मी म्हटले, तुझ्या 'नाही'च्या वहीत हे लिहिलेस का?